सांगा म्हणावं त्यांना

"सांग तिला, बांध हलवायच्या आधी घरातल्या थोरल्याला विचारायचं असतंय."

"आन् त्यांना सांगा, आमचा बांध आमी आमच्याच वावरात मागं घेतलाय. त्यांच्या वावरातलं ढेकूळ बी हलवलं न्हाई."

व्यंकटी दोघांच्या मधे, रस्त्याला जागा करायला उपटून टाकलेल्या तुरीच्या झाडांवर उभा होता. एका हाताला थोरला भाऊ दत्तराव, दुसऱ्या हाताला बायको कडूबाई. दोघांमधलं अंतर असेल एका बैलगाडीच्या रुंदीचं, आणि भांडणही नेमकं तेवढ्याच रुंदीचं होतं.

व्यंकटीनं खाकरून घेतलं आणि भावाकडं तोंड केलं. "दादा, ती म्हणती, विचारायला पायजे हुतं. राहून गेलं."

"राहून गेलं म्हणती का? मंग हुता तिथं परत घाल म्हणावं बांध."

कडूबाईचा पदर कपाळाच्या खाली उतरला होता. त्याच्या काठाखालून तिनं नवऱ्याकडं बघितलं. "मी राहून गेलं म्हणले का ओ?"

"काय म्हणली?" दत्तरावांनी विचारलं.

"बघते म्हणली."

नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भाया. भायासमोर तोंड उघडायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, ही या घरातली रीत. कडूबाई लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती पाळत होती. काही सांगायचं असेल तर मधे कुणीतरी हवं. सासू होती तोवर सासू, मग पोरं, आणि पोरं पुण्याकडं कामाला गेल्यावर व्यंकटी. कुणीच नसलं तर गोठ्यातली म्हैस. "चहा ठेवलाय गं ओट्यावर," असं म्हशीला सांगायचं, आणि भाया येऊन चहा प्यायचा. बोललेलं दोघांनाही ऐकू यायचंच, पण ऐकलेल्याला उत्तर द्यायचं नसतं. उत्तर द्यायचं ते मधल्या माणसानं सांगितलेल्याला. मूळ शब्द हवेत विरून जायचे, आणि घरात राहायचे ते व्यंकटीचे.

व्यंकटी भला माणूस होता. त्याच्या तोंडातून गेलं की दगडाचं ढेकूळ व्हायचं आणि ढेकळाची माती. आजवर घर मोडलं नाही ते त्यामुळंच, असं सगळी भावकी म्हणायची. कडूबाईही म्हणायची. आज मात्र तिला ती माती नको होती.

"सांगा म्हणावं त्यांना," ती हळू पण एकेक शब्द ठेवत म्हणाली, "आज दुपारी सभा हाय. रस्त्याच्या दोन्ही अंगाच्या सगळ्यांनी हो म्हणलं तरच पाणंदीत खडी पडंल. एक जण जरी आडवा झाला तर काम दुसऱ्या गावाला जाईल. बाकीच्यांनी हो म्हणलंय. आता त्यांचंच राहिलंय."

"दादा, सभेला या म्हणती."

"सभेला तर मी येणारच. ह्या गावचा माणूस हाय मी." दत्तरावांनी टोपी काढून झटकली. "पण रस्ता मागायला माझ्या दारात कोण आलं आजपातुर? शिपायाच्या हातानं नोटीस आली. सरपंच कोण, तर माझ्याच घरातली. मला कुणी विचारलं का? सांग तिला, न विचारलेल्या सवालाला जवाब नसतो."

व्यंकटी बायकोकडं वळला. "दादा विचार करायलेत," तो म्हणाला.

दत्तराव आपल्या कापसात शिरले होते. कडूबाई तिथंच खाली बसली आणि बांधावर पडलेली तुरीची झाडं गोळा करायला लागली. शेंगा अजून हिरव्या होत्या. शेरडांच्या तोंडी तरी लागतील.

पाणंद म्हणजे वावरावावरातून जाणारी गाडीवाट. दत्तरावांच्या आजोबांच्या काळी हिच्यातून दोन गाड्या एकमेकींना घासल्याशिवाय जायच्या, असं जुनी माणसं सांगायची. मग वाटण्या झाल्या. या गावात बांध कुणी चोरत नाही, तो कोरला जातो. औत वळवताना बैल जरा पुढं घ्यायचा, दोन बोटं माती आपल्याकडं ओढायची, आणि कुणी बघितलं तर म्हणायचं, बैल ऐकंना. दत्तरावांचं वावर पाणंदीच्या या अंगाला, व्यंकटीचं त्या अंगाला. दोन्हीकडचे बैल वर्षानुवर्षं ऐकत नव्हते. आता तिच्यातून एक गाय आणि तिच्यामागं एक माणूस, एवढंच जायचं.

कोरड्या दिवसांत तेही चालून जातं. पण ही काळी माती. पाऊस पडला की पाय टाकायचा आणि चप्पल आत सोडून पाय बाहेर काढायचा. पलीकडं शेतातली वस्ती आहे, दहा-बारा घरांची. परवाच्या साली सोयाबीन कापून ढीग लावला आणि पाऊस उभा राहिला. मळणीयंत्र पाणंदीच्या तोंडाशी येऊन थांबलं, ड्रायव्हर उतरून बघून गेला आणि परत आला नाही. ढिगाला आतून मोड फुटले. कडूबाईनं हात घातला तेव्हा ढीग आतून गरम होता, तापलेल्या माणसाच्या अंगासारखा. तो हात तिच्या लक्षात राहिला. बाजाराचे भाव, पेपरातलं राजकारण, यातलं तिला फारसं कळत नव्हतं. पण पिकलेलं माणसाच्या हातात असूनसुद्धा बाजारापर्यंत पोहोचत नाही, हे कशानं, ते तिला त्या दिवशी नीट कळलं.

ती मूळची राणीसावरगावच्या बाजूची. डोंगराचा भाग, खडकाळ. आधीची दोन लेकरं गेली म्हणून हिचं नाव कडू ठेवलं, कडू चीज कुणी उचलत नाही म्हणून. माहेरी दगड-गोटे भरपूर, पीक बेताचं. पाऊस पडला की वाहून जायचा आणि वाट मोकळी व्हायची. लग्न होऊन ती पाथरीच्या खालच्या या काळ्या रानात आली तेव्हा बाप म्हणाला होता, "भाग्याची हायस. हिथं काठी रोवली तरी उगवती." पहिल्याच पावसाळ्यात तिनं नवऱ्याला सांगितलं, "आमच्याकडली जमीन काही देत न्हाई, पण जाऊ तर देती. तुमची देती बी आन् धरून बी ठेवती." व्यंकटी लय हसला होता.

गावात तिला कडूबाई म्हणणारे थोडे. घरात ती सावरगाववाली. दत्तरावांनी तर तिचं नाव कधी घेतलंच नव्हतं.

पोरं लहान असताना कोरडवाहूवर भागेना, म्हणून नवरा-बायको पाच-सहा हंगाम ऊसतोडीला गेले. त्या दिवसांबद्दल ती फार बोलत नसे. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं, भल्या पहाटे पाचटाच्या कोपीपुढं चूल पेटवायची, हे काही कौतुकानं सांगायचं नाही. पण एक गंमत ती सांगायची. तिकडं भाया नव्हता. तिकडं ती मुकादमाशी तोंडावर बोलायची, ट्रकवाल्याला दम द्यायची, कारखान्याच्या माणसाला "माप नीट घ्या, आमी आंधळे न्हाई" म्हणायची. व्यंकटी बाजूला उभा राहून बघायचा, ही आपलीच बायको का म्हणून. भीमा ओलांडली की कडूबाईचं तोंड उघडायचं, आणि येताना गोदावरीचा पूल लागला की मिटायचं.

आणि तिकडं तिनं रस्ते बघितले. उसाच्या फडापर्यंत गेलेले, ट्रक निवांत वळेल असे. एकदा तिनं तिथल्या बागायतदाराच्या बायकोला विचारलं होतं, "हा रस्ता कुणी केला?" ती बाई गोंधळली. म्हणाली, "केला म्हणजे? रस्ता होताच." कडूबाईला तेव्हापासून वाटायचं की श्रीमंती म्हणजे हेच असावं, रस्ता कुणी केला ते ठाऊक नसणं.

सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा तिचं नाव दत्तरावांनीच सुचवलं. पॅनल त्यांचं होतं. पारावर कुणीतरी म्हणालं, "बाई चालंल का?" तेव्हा ते म्हणाले, "माझ्यापुढं जिचं तोंड उघडत न्हाई, ती चालंल न्हाई तर काय करंल." हे व्यंकटीनं घरी येऊन सांगितलं ते असं: "दादांचा तुझ्यावर लय विश्वास हाय."

सभेत सरपंचाची खुर्ची रिकामी राहायची. भाया समोर सतरंजीवर बसलेला असताना भावजयीनं खुर्चीत बसायचं कसं? कडूबाई मागं बायकांत बसायची, ग्रामसेवक खुर्चीशेजारी उभा राहून बोलायचा आणि व्यंकटी मधेमधे मान हलवायचा. कारभार चाललाच होता. तालुक्याला गेलं तरी तीच तऱ्हा. साहेब शिपायाशी बोलणार, शिपाई दारातल्या माणसाशी बोलणार. कडूबाईला त्यात वेगळं काही वाटलं नव्हतं. सगळा देशच असा मधल्या माणसाच्या तोंडून चालत असेल, असं तिनं धरलं होतं.

पण पाणंदीचं काम तिनं स्वतः ओढून आणलं होतं. घरोघर जाऊन एकेकाला तयार केलं होतं. एकच घर राहिलं होतं, ज्याच्या भिंतीला तिच्या घराची भिंत लागून होती.

दुपारी सभेच्या आधी धम्मशीला आली. ती वस्तीवर राहायची, ग्रामपंचायतीत सदस्य होती. पाणंदीची खरी गरज तिलाच. कडूबाई भाकरी थापत होती.

"काय म्हणले मग बडे लोक?" धम्मशीला पायरीवर बसत म्हणाली.

"विचार करायलेत."

"हे व्यंकटीभाऊचं झालं. ते काय म्हणले?"

कडूबाईनं भाकरी उलटली. "मला कुणी विचारलं का म्हणले."

"मग विचार की."

"तूच विचार. तुला काय रीत आडवी येत न्हाई."

"मी विचारलंय कवाच. गेल्या पावसाळ्यात माझ्या सुनेला बाजंवर घालून चौघांनी उचलून दवाखान्याला नेलं पाणंदीतनं, त्याच्या दुसऱ्या दिवशी गेले मी त्यांच्याकडं. म्हणाले, बाई, बघू. माझ्याकडं बघितलं बी न्हाई." धम्मशीलानं टोपलीतली भाकरी मोडून तोंडात टाकली. "तुला खरं सांगू का, सरपंचबाई? मी बोलते तर माझं त्यांना ऐकायचं न्हाई. तुझं ऐकावं लागंल, तर तू बोलत न्हाईस. मधल्या मधे आमी चिखलात."

तव्यावरची भाकरी एका अंगानं करपली.

व्यंकटी ओसरीवर टोपी घालत होता. धम्मशीला गेल्यावर ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"आज जसंच्या तसं सांगताल का?"

"काय?"

"सभेत मी म्हणीन ते. एक शब्द इकडचा तिकडं न करता."

व्यंकटी बराच वेळ टोपीची घडी बसवत राहिला. "अगं, जसंच्या तसं सांगितलं असतं तर कवाच दोन चुली झाल्या असत्या. दोन चुली झाल्याच, पण डोकी फुटली असती. दादा एक बोलायचे, तू एक बोलायचीस. रातच्याला मला झोप लागायची न्हाई, उद्या काय काय गिळावं लागंल म्हणून. तुमी दोघं मोकळे झालाव बोलून. माझ्या पोटात साठलंय सगळं."

तिनं त्याच्याकडं बघितलं. इतकी वर्षं तिला वाटायचं, गप्प आपण बसतोय. हा माणूस तिच्यापेक्षा जास्त गप्प होता, बोलत बोलत.

"मग आज सांगू नका काहीच," ती म्हणाली. "बेजार झालाव तुमी."

सभा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये भरली. पुरुष पुढं, बाया मागं भिंतीशी, खुर्ची रिकामी. ग्रामसेवकानं पाणंदीचा विषय वाचला आणि दोन्ही अंगाच्या शेतकऱ्यांची नावं एकेक करून पुकारली. ज्याचं नाव येईल तो हात वर करायचा. काहींनी हसत केला, काहींनी शेजाऱ्यानं कोपर मारल्यावर. व्यंकटीनं केला.

"दत्तराव."

दत्तराव पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते. त्यांचे हात मांडीवरच राहिले. ग्रामसेवकानं पुन्हा नाव घेतलं, मग घसा साफ केला आणि व्यंकटीकडं बघितलं. सगळ्यांनीच व्यंकटीकडं बघितलं. ती सवय गावाला होती. व्यंकटी सतरंजीचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होता.

"राहू द्या," मागून एक जण म्हणाला, "घरचं हाय, घरी बसून मिटवतील."

"घरी मिटणार असतं तर मिटलं नसतं का?" दुसरा म्हणाला आणि थोडं हसू उठलं.

कडूबाई उभी राहिली. उभं राहताना बांगड्या वाजल्या, तेवढ्यानंही दोघी-तिघी बाया दचकल्या. तिनं पदर नीट डोक्यावर घेतला. कपाळाखाली मात्र ओढला नाही.

"भावजी," ती म्हणाली.

दत्तराव वळले नाहीत.

"भावजी, न विचारलेल्या सवालाला जवाब नसतो म्हणालाव सकाळी. मी ऐकलं. आजपातुर तुमी बोललेलं सगळंच मी ऐकलंय आन् माझं तुमी. तर आता तुमच्या भावाला मधी घेत न्हाई. पाणंद तुमी बी खाल्ली, आमी बी खाल्ली. कुणी लय खाल्ली ते मला मोजायचं न्हाई. दोन दोन बोटं करीत खाल्ली, चोरी म्हणून कुणीच केली न्हाई. पण धम्मशीलाच्या सुनेला बाजंवर घालून नेलं, ते त्या दोन बोटांतनं नेलं."

ती थांबली.

"मी उसाला जायची तिकडं बघून आलेय. त्यांची जमीन आपल्याहून भारी न्हाई. त्यांच्या वावरापातुर रस्ता हाय, म्हणून आपण त्यांच्याकडं कामाला जातो. ते आपल्याकडं येत न्हाईत. तुमचा कापूस बी ह्याच चिखलातनं डोक्यावर येतोय. मला सरपंच केलंव तवा मला कुणी विचारलं नव्हतं. मी काही म्हणले न्हाई. मी मात्र तुमाला विचारायले. चार माणसांत, तोंडावर विचारायले. भावजी, रस्ता देताव का?"

दत्तरावांची नजर समोरच्या रिकाम्या खुर्चीवर होती. त्या घटकेला कडूबाईला ते प्रथमच म्हातारे दिसले. इतकी वर्षं पदराआडून त्यांचे फक्त पाय आणि धोतराचा काठ तिनं बघितला होता. पाठीचा कणा असा वाकलेला, कानामागचे केस असे पांढरे, हे तिला माहीतच नव्हतं.

मग त्यांचा हात वर गेला. खांद्यापर्यंतच गेला, पण गेला. ग्रामसेवकानं घाईघाईनं लिहून घेतलं. धम्मशीलानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"थांबा," दत्तराव म्हणाले. ते अजूनही वळले नव्हते. "व्यंकट्या, सांग तिला. रस्ता दिला. गावाला दिला, मागं घेणार न्हाई. पण आज बोलली ती बोलली. ह्याच्यापुढं घरात असो नाहीतर सभेत, जे काय असंल ते तुझ्या तोंडून. कबूल हाय का विचार."

व्यंकटी उठला. बायकोकडं वळला. त्याचे ओठ हलले, नेहमीसारखे, मऊ काहीतरी शोधत. सगळा हॉल त्याच्या तोंडाकडं बघत होता, आणि तो बायकोकडं. शेवटी तो म्हणाला, "दादा काय म्हणायलेत ते तू ऐकलंस."

"ऐकलं," एवढं म्हणून ती मोकळी झाली असती, पण ते उत्तर नव्हतं. हो म्हणाली असती तर गोदावरीचा पूल पुन्हा लागला असता, कायमचा. नाही म्हणाली असती, तर आत्ताच वाकलेल्या त्या म्हाताऱ्या मानेवर चार माणसांत आणखी एक घाव बसला असता. आणि नवऱ्याला "न्हाई म्हणून सांगा" म्हणणं, म्हणजे तर कबूलच करणं होतं. ती व्यंकटीकडं बघत राहिली. तोही तिच्याकडं बघत होता, डोळ्यांत अशी काकुळती की माझ्या पोटात आता काही टाकू नकोस.

"कबूल हाय का?" दत्तरावांनी भिंतीला विचारावं तसं विचारलं.

कडूबाईनं पदर खांद्यावरून पुढं घेऊन कमरेला खोचला. बायांनी पाय आवरून तिला वाट दिली. भायाच्या अगदी जवळून ती गेली, दारातल्या चपलांच्या ढिगातून आपली जोडी शोधून पायात घातली आणि पायऱ्या उतरून पाणंदीच्या वाटेनं चालायला लागली.